आई-बाबांचं पहिलं अमेरिका तिकीट: विमान कंपनी कशी निवडायची

"एमिरेट्स चांगली की लुफ्तान्सा?" आई-बाबांचा व्हिसा हातात पडला की पहिला प्रश्न हाच निघतो, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर प्रत्येक जण आपापल्या शेवटच्या प्रवासावरून उत्तर देतो. जेवण गरम मिळालं म्हणून अमुक कंपनी चांगली, बॅग दोन दिवस उशिरा आली म्हणून तमुक वाईट. खरं तर पासष्टी-सत्तरीतल्या, पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालेल्या जोडप्याला खरा त्रास होतो तो एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसेपर्यंत. म्हणून आधी मार्ग ठरवा, मग तिकिटाचा प्रकार बघा, आणि कंपनीचं नाव त्यानंतर. या लेखात तोच क्रम ठेवला आहे. डोळ्यांपुढे मुंबईहून शिकागोला मुलीकडे निघालेले आई-बाबा आहेत. तुमचं शहर वेगळं असलं तरी विचार असाच करायचा.

पहिली पायरी: प्रवास कुठे तोडायचा

मुंबईहून अमेरिकेला जायचे दोन मुख्य रस्ते. एक आखातातून, म्हणजे दुबई, दोहा किंवा अबू धाबी. दुसरा युरोपातून, म्हणजे फ्रँकफर्ट, म्युनिक, पॅरिस, ॲमस्टरडॅम, झ्युरिक, लंडन. इस्तंबूल यांच्या मधलं.

आखाती मार्गाचे तुकडे असमान पडतात. मुंबई-दुबई जेमतेम तीन तास, आणि दुबई-शिकागो जवळपास १५ तास. सॅन फ्रान्सिस्कोला जायचं असेल तर हा दुसरा टप्पा १६ तासांच्या घरात जातो. युरोपमार्गे मुंबई-फ्रँकफर्ट साधारण नऊ तास आणि फ्रँकफर्ट-शिकागो साडेनऊ तास, म्हणजे जवळजवळ बरोबर अर्धा.

बाबांचे गुडघे दुखत असतील, पायांवर सूज येत असेल, रात्रीत तीन-चारदा उठावं लागत असेल, तर सलग १५ तास बसणं फार होतं. त्यांच्यासाठी युरोपमार्गे अर्धा-अर्धा प्रवास बरा. मध्ये दोन-तीन तास चालणं होतं, पाय मोकळे होतात. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका लांब बसण्याने वाढतो, तेव्हा ज्यांना आधी असा त्रास झाला आहे किंवा हृदयाचं दुखणं आहे त्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

उलट तब्येत ठणठणीत पण इंग्रजीची धास्ती असेल, तर आखाती मार्ग मनाला सोपा जातो. दुबईला किंवा दोह्याला हिंदी बोलणारा माणूस सहज भेटतो. शिवाय विमान बदलायची कटकट तीन तासांत, अंगात ताकद असतानाच उरकते. मग एकदा बसलं की थेट मुलीच्या गावात.

थेट विमान या दोन्हींपेक्षा सोपं वाटतं, आणि न्यूयॉर्कच्या बाजूला जाणाऱ्यांनी ते नक्की तपासावं. मात्र एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानांना वळसा पडू लागला. अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं. म्हणून "थेट" या शब्दावर थांबू नका. तिकिटावरचा एकूण वेळ बघा आणि मध्ये तांत्रिक थांबा आहे का ते विचारा.

दुसरी पायरी: सगळा प्रवास एकाच तिकिटावर

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. घरातून निघून शेवटच्या विमानतळापर्यंतचे सगळे टप्पे एकाच बुकिंगमध्ये, एकाच पीएनआरवर असले पाहिजेत.

मुंबई-दुबई एका कंपनीचं आणि दुबई-शिकागो दुसऱ्या कंपनीचं अशी दोन सुटी तिकिटं जोडली की पंधरा-वीस हजार वाचल्यासारखे वाटतात. पण पहिलं विमान दोन तास उशिरा पोचलं आणि दुसरं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी आई-बाबा विमानतळावर आलेच नाहीत. तिकीट गेलं, आणि बऱ्याचदा त्याच बुकिंगमधला परतीचा टप्पाही आपोआप रद्द होतो. बॅगाही पहिल्या मुक्कामापर्यंतच जातात. त्या घ्यायच्या तर त्या देशात रीतसर आत शिरावं लागतं, म्हणजे व्हिसाचा प्रश्न. सलग तिकीट असेल तर पुढच्या विमानात जागा शोधून देणं ही कंपनीची जबाबदारी असते.

२३ जून २०२५ ला कतारने काही तास हवाई हद्द बंद केली आणि दोह्याकडे निघालेली कितीतरी विमानं वाटेतून वळवली गेली. अशा दिवशी सुटी तिकिटं हातात असलेल्या माणसाने कोणाकडे जायचं?

पुण्या-मुंबईबाहेरून निघणाऱ्यांसाठी यात आणखी एक गुंता आहे. नागपूरहून मुंबईला यायचं विमान स्वस्तात मिळालं म्हणून वेगळं काढलं, तर ते कुठे उतरतं ते पाहा. मुंबईची आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल दोनवरून सुटतात. देशांतर्गत विमान टर्मिनल एकला उतरलं तर बॅगा घेऊन रस्त्याने जावं लागतं, आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे; तिथे उतरलात तर अख्खं शहर ओलांडायचं आहे. गोव्याहून निघताना दाबोळी की मोपा हेही एकदा बघून घ्या. सुटंच तिकीट काढायचं असेल तर आदल्या दिवशी मुंबईत या आणि नातेवाइकांकडे रात्र काढा. पुण्याहून गाडीने येणाऱ्यांनी पावसाळ्यात घाटासाठी दोन-तीन तास जादा धरावेत.

सलग तिकिटातही "ऑपरेटेड बाय" ही बारीक अक्षरातली ओळ वाचा. तिकीट युनायटेडच्या नावावर असतं आणि विमान लुफ्तान्साचं असतं, असं सर्रास होतं. यात धोका काही नाही, कारण लुफ्तान्सा, युनायटेड, स्विस, टर्किश आणि एअर इंडिया या स्टार अलायन्स या एकाच गटातल्या कंपन्या आहेत. कतार एअरवेज, ब्रिटिश एअरवेज आणि अमेरिकन एअरलाइन्स वनवर्ल्ड या गटामध्ये. एअर फ्रान्स, केएलएम आणि डेल्टा स्कायटीममध्ये. एमिरेट्स आणि एतिहाद यांपैकी कशातच नाहीत, त्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांशी स्वतंत्र करार असतात. जेवण, सीट, व्हीलचेअर यांसाठी मात्र ज्या कंपनीचं विमान प्रत्यक्ष उडणार आहे तिच्याकडेच खात्री करायची असते, आणि त्यासाठी तिचा वेगळा बुकिंग क्रमांक मागून घ्यावा लागतो.

तिसरी पायरी: मधला मुक्काम आणि ट्रान्झिट व्हिसा

दीड तासात विमान बदलता येतं असं कंपनी सांगते, आणि तिशीतल्या माणसाला ते जमतंही. आई-बाबांसाठी मी अडीच तासांच्या खाली जात नाही आणि पाच तासांच्या वर शक्यतो नाही. व्हीलचेअर घेतली असेल तर तीन तास धरा, कारण ढकलणारा माणूस येईपर्यंत थांबावं लागतं. लंडनच्या हीथ्रोला विमान बदलतानाही पुन्हा सुरक्षा तपासणी होते. दोह्याला एकच टर्मिनल आहे, त्यामुळे चुकामूक कमी. दुबईला एमिरेट्सची बहुतेक विमानं टर्मिनल तीनवरूनच, पण एका भागातून दुसऱ्या भागात जायला आतली रेल्वे घ्यावी लागू शकते.

मुलगी शिकागोत नसून एखाद्या लहान शहरात राहत असेल तर अमेरिकेतही एक विमान बदलावं लागेल. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे पाय टेकतो तिथेच इमिग्रेशन होतं, आणि सहसा तिथेच पट्ट्यावरून बॅगा उचलून, कस्टम्स ओलांडून, पुढच्या विमानासाठी परत द्याव्या लागतात. बॅगेला मुंबईत शेवटच्या गावाचा टॅग लागलेला असला तरीही. हे आई-बाबांना निघण्यापूर्वी दोनदा समजावून सांगा. या ठिकाणी तीन तास तरी हवेतच. न्यूयॉर्कमार्गे जाणाऱ्यांनी विमानतळाचं नाव शेवटपर्यंत वाचावं: जेएफकेला उतरून पुढचं विमान नेवार्क किंवा लाग्वार्डियाहून असलेली तिकिटंही विकली जातात.

अबू धाबीची एक सोय फार उपयोगी आहे. तिथे २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच उरकतं, आणि विमान अमेरिकेत देशांतर्गत विमानासारखं उतरतं. इंग्रजीत उत्तरं द्यायची वेळ १५ तासांच्या प्रवासाआधी, ताज्या डोक्याने येते, हा फायदा मोठा आहे. मात्र या तपासणीसाठी मधला वेळ भरपूर ठेवा.

आता व्हिसा. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर युरोपातल्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा गट) किंवा हीथ्रोला, विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय भागातून बाहेर न पडता विमान बदलण्यासाठी वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. आई-बाबांचा दहा वर्षांचा व्हिसा असतो, त्यामुळे ते निर्धास्त. पण तीन गोष्टींत लोक अडकतात.

पहिली म्हणजे युरोपात दोनदा विमान बदलणं. मुंबई-फ्रँकफर्ट-ॲमस्टरडॅम-शिकागो असं तिकीट स्वस्त दिसतं, पण फ्रँकफर्ट ते ॲमस्टरडॅम हा शेंगेनच्या आतला प्रवास. त्यासाठी शेंगेनमध्ये रीतसर प्रवेश करावा लागतो, म्हणजे पूर्ण शेंगेन व्हिसा हवा. असं तिकीट घेऊच नका.

दुसरी, एखादा रात्रभराचा मुक्काम किंवा सुटं तिकीट, जिथे बॅग घ्यायला बाहेर पडणं भाग पडतं.

तिसरी गोष्ट आई-बाबांची नाही, मुलांची. मुलगा किंवा सून त्यांना सोडायला भारतात येत असेल, अमेरिकेतला मुक्काम कायदेशीर असेल पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असेल, तर युरोपातल्या काही विमानतळांसाठी ट्रान्झिट व्हिसा मागितला जाऊ शकतो. चेक-इनच्या काउंटरवर अडवतात आणि तिथे काही करता येत नाही. अशा वेळी दुबई, दोहा, अबू धाबी हा सरळ मार्ग. युरोपमार्गेच जायचं असेल तर त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावरचा त्या आठवड्यातला नियम वाचा. हे नियम बदलत असतात.

चौथी पायरी: बॅगा आणि विमान

अमेरिकेच्या तिकिटावर बहुतेक कंपन्या माणशी २३ किलोच्या दोन बॅगा देतात. पण काही युरोपीय कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त भाड्यात चेक-इन बॅगच नसते, किंवा एकच असते. दुसऱ्या बॅगेचे पैसे वेगळे भरले की स्वस्त तिकीट महाग पडतं. म्हणून दोन तिकिटांची तुलना करताना दोन्हींत दोन-दोन बॅगा धरूनच रक्कम लिहा. बॅगेचं वजन एकत्र करून चालत नाही. एक २० आणि दुसरी २६ किलोची झाली तर २६ किलोवालीचे पैसे लागतील. बहुतेक कंपन्यांकडे लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटरच्या आत हवी.

हातातल्या बॅगेत कंपन्या फार वेगळ्या आहेत. एमिरेट्सकडे इकॉनॉमीत सात किलो, लुफ्तान्साकडे आठ, तर एअर फ्रान्स आणि केएलएमकडे पर्स धरून १२ किलो. औषधांचा डबा, कागदपत्रं, शाल, एक जोडी कपडे एवढं सात किलोत सहज बसतं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेऊ नका, तेलकटपणामुळे त्या ज्वालाग्राही मालात धरतात. लोणच्याच्या बरण्या हातात नकोत, चेक-इन बॅगेत.

विमान कुठल्या जातीचं आहे हेही बघण्यासारखं असतं. बुकिंगच्या तपशिलात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या नव्या विमानांत केबिनमधला हवेचा दाब सुमारे सहा हजार फूट उंचीवर असतो तसा ठेवतात. जुन्या विमानांत तो आठ हजार फुटांच्या आसपासचा असतो. नव्या विमानांत हवाही थोडी कमी कोरडी असते. लांब प्रवासानंतरचं डोकं जड होणं त्यांत कमी जाणवतं. बोइंग ७७७ मध्ये एमिरेट्ससारख्या कंपन्या एका ओळीत ३-४-३ अशा दहा सीट बसवतात आणि सीट सतरा इंचांच्या आसपास रुंद असते. ए३८० मध्येही दहाच, पण विमान रुंद असल्याने खांद्याला मोकळीक मिळते. भाडं आणि मार्ग सारखे असतील तरच यावरून निवड करा. दोघांसाठी ३-३-३ च्या विमानात एक वाटेकडची आणि तिला लागून मधली सीट घ्यावी, म्हणजे उठताना परक्या माणसाला उठवावं लागत नाही. खिडकीचा मोह आईला आवरायला सांगा. १५ तासांतला बराच वेळ खाली काही दिसत नाही, आणि बाथरूमला जाताना दोन माणसं ओलांडावी लागतात.

पाचवी पायरी: जेवण आणि व्हीलचेअर

शाकाहारी आई-बाबांसाठी बुकिंगमध्येच खास जेवण नोंदवा. इथे कोडचा घोळ होतो. एव्हीएमएल म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी: भात, डाळ, पनीर, पोळीसारखं काहीतरी. व्हीजीएमएल म्हणजे व्हीगन, त्यात दूध-दही काहीच नाही. नाव वाचून ते निवडलं की उकडलेल्या भाज्या समोर येतात आणि आई चौदा तास उपाशी राहते. जैन जेवण व्हीजेएमएल, मधुमेहींसाठी डीबीएमएल. किमान २४ तास आधी नोंद हवी, काही कंपन्या ४८ तास मागतात. खास जेवणाचा ट्रे इतरांच्या आधी येतो, त्यावर सीट नंबरचा स्टिकर असतो. म्हणून जेवणाच्या वेळी सीट बदलून बसू नये.

जाताना मुंबईहून शाकाहारी जेवण बहुधा मिळूनच जातं. ही नोंद खरी लागते ती परतीला, अमेरिकेतून सुटणाऱ्या विमानात. ती दोन्ही बाजूंच्या प्रत्येक टप्प्यावर लागली आहे का, हे एकेक टप्पा उघडून बघा. उपवासाचा असा कोणताच कोड नाही. संकष्टी किंवा एकादशी मध्ये येत असेल तर राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाण्याची चिक्की बरोबर द्या. अमेरिकेत उतरताना उरलेला खाऊ फॉर्मवर किंवा अधिकाऱ्याला सांगायचाच, आणि विमानात मिळालेलं सफरचंद किंवा केळं पर्समध्ये घालून बाहेर न्यायचं नाही.

व्हीलचेअरबद्दल मोकळेपणाने लिहिते. मराठी घरांत ती मागायला संकोच वाटतो: "चालता येतं की मला." पण गुडघे दुखत असतील, किंवा फ्रँकफर्टसारख्या विमानतळावरचं अंतर झेपणार नसेल, तर ती जरूर मागा. डब्ल्यूसीएचआर या प्रकारात जिने चढता येणाऱ्या पण लांब चालता न येणाऱ्या माणसाची सोय होते. तिकीट काढतानाच नोंदवा आणि ४८ तास आधी फोन करून खात्री करा. मदतनीस इमिग्रेशनच्या रांगेतूनही घेऊन जातो. एक अनुभव आधी सांगून ठेवावा: मोठ्या विमानतळांवर व्हीलचेअरच्या प्रवाशांना एका जागी एकत्र बसवतात आणि विमानाच्या वेळेनुसार नेतात. तिथे तासभर बसावं लागलं तरी घाबरायचं नाही, बोर्डिंग पास हातात ठेवायचा, आणि सुटायला तास राहिला तरी कोणी आलं नाही तर उठून काउंटरला विचारायचं. "माझं विमान इतक्या वाजता आहे, गेट अमुक" एवढं इंग्रजी वाक्य कागदावर लिहून दिलं की पुरतं. अमेरिकेत मदतनिसाला काही डॉलर टिप देण्याची रीत आहे. सुटे पाच-पाच डॉलर खिशात द्या.

सहावी पायरी: आता कंपनी

वरची चाळणी लावली की यादीत तीन-चारच तिकिटं उरतात. आता त्या प्रत्येकाचा विमान क्रमांक फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर टाका. गेल्या आठवड्यात ते विमान रोज किती वाजता सुटलं आणि पोचलं ते फुकट दिसतं. ज्याचा पहिला टप्पा रोज तासभर उशिरा पोचतो आणि मधला वेळ दोनच तास आहे, ते तिकीट बाजूला ठेवा. कंपनी कितीही नावाजलेली असो.

माझं मत विचाराल तर: पहिल्यांदा एकट्याने निघालेले, गुडघे धड असलेले आई-बाबा असतील तर आखातातून एकदाच विमान बदलणारं तिकीट, त्यातही जमलं तर अबू धाबीमार्गे. गुडघे किंवा पाठ दुखत असेल तर युरोपमार्गे अर्धा-अर्धा प्रवास. पाच-सात हजारांच्या फरकासाठी यात बदल करू नये. वीस-पंचवीस हजारांचा फरक असेल तर तारीख पुढे-मागे करून बघा; अमेरिकेच्या शाळांच्या सुट्टीत, जून ते ऑगस्ट आणि डिसेंबरात, भाडी चढतात. एप्रिलच्या मध्याला जाऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीला परतणं बरंच स्वस्त पडतं, आणि थंडीही चुकते.

सातवी पायरी: तिकीट काढताना आणि नंतर

नाव पासपोर्टवर आहे तसंच. आपल्याकडे पासपोर्टच्या "गिव्हन नेम" मध्ये पहिलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. तिकिटातही पहिल्या रकान्यात ती दोन्ही नावं भरा. आईचं पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर तिकिटावरही माहेरचंच.

परतीची तारीख बदलता येणारं भाडं घ्या. नातवंडाचा जन्म, कोणाचं आजारपण, काहीही होतं आणि मुक्काम वाढतो किंवा आटोपतो. तारीख बदलायला किती पैसे लागतात हा आकडा तिकीट काढण्यापूर्वी लिहून घ्या. मुक्काम किती वाढवता येईल हे मात्र अमेरिकेत उतरताना मिळालेल्या तारखेवर ठरतं. सहसा सहा महिने मिळतात.

एजंटकडून घ्यावं की कंपनीच्या संकेतस्थळावरून? ओळखीचा, फोन उचलणारा एजंट असेल तर जरूर घ्या. अनोळखी स्वस्त संकेतस्थळावरून नको, कारण वेळापत्रक बदललं की कंपनी सांगते एजंटशी बोला आणि एजंटचा फोन लागत नाही. बुकिंगमध्ये आई-बाबांचा आणि तुमचा, दोघांचाही फोन नंबर आणि ईमेल कंपनीकडे पोचला आहे याची खात्री करा.

तिकीट चार महिने आधी काढलं असेल तर दर पंधरवड्याला बुकिंग उघडून बघा. वेळा बदलतात, आणि चार तासांचा मधला मुक्काम कधी गुपचूप सव्वा तासाचा होतो. असं झालं तर लगेच फोन करा. बदल कंपनीने केला असेल तर त्या मार्गावरचं दुसरं सोयीचं विमान बहुधा जादा पैसे न घेता देतात.

बॅग आली नाही किंवा फुटून आली, तर विमानतळ सोडण्यापूर्वी कंपनीच्या बॅगेज काउंटरवर तक्रार नोंदवून कागद घ्यायचा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या माँट्रियल कराराप्रमाणे फुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार सात दिवसांत, आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची ती मिळाल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. बॅगांचे टॅग बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेले असतात. ते घरी पोचेपर्यंत फेकायचे नाहीत, आणि निघताना दोन्ही बॅगांचा एकेक फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवायचा, म्हणजे काउंटरवर रंग-आकार शब्दांत सांगावा लागत नाही.